पाळीला गेले आणि न जेवता परतले

फिलू, माझी शाळासोबतीण, लेकीकडे पोर्तुगालला कायमची निघाली. भेटून जा म्हणून तिचा फोन आला, "एकदां येऊन वच गे." माझ्या सुनेच्या बाळंतपणाचा नवसही फिलूच्या गावापुढच्या देवळात फेडायचा राहिला होता. म्हटलं, एकाच भाड्यात दोन्ही कामं होतील. चुकले इथेच.

शनिवारी पार्शाहून सकाळची म्हापशाची बस धरली, तिथून डिचोली, मग पाळी, म्हणजे फिलूचं गाव. शुक्रवारी जाऊ नका, बाजाराच्या गर्दीत उभं राहायला जागा मिळत नाही. माझी नारळांची पिशवी बघून कंडक्टर म्हणाला, "मावशे, ती मांडयेर घे, नाजाल्यार तिचीय तिकीट काडतलों!" डिचोलीपुढे खिडकी बंदच ठेवा. खाणीची लाल धूळ पातळाला चिकटली की जात नाही.

फिलूचं घर थांब्याला लागून, देऊळ पुढे अर्ध्या तासावर. म्हणून आधी तिच्याकडेच उतरले. तिने केळीचं पान मांडलेलं. भात, मुगागाठी, सोलकढी.

"तुजेखातीर नवें आयदन हाडलां. चार दिस घरांत नुस्तेंय हाडूंक ना."

माझ्यासाठी कोरं भांडं आणलं, घरात मासळीसुद्धा बंद ठेवली होती तिने. मी म्हटलं, "नवस फेडायचाय गो, सोवळं मोडेल." खरं तर नवस नसता तरी तिच्या ख्रिस्ती घरात जेवायला मनात अढी होतीच. आजवर कधी जेवले नव्हते.

ती रागावली नाही. त्यांच्या बायबलातली गोष्ट सांगू लागली. एका धनगराला जळत्या झुडपातून हाक आली, पायतण काढ, ही जागा पवित्र आहे.

"म्हणजे तुमच्यातही सोवळं आहेच की!" मी म्हटलं.

"आमचो पाद्री सांगता, जमीन कालचीच गे. त्या दिसा ताचें मन जागें जालें. पवित्रपण थंय, मनांत." मग हसून म्हणाली, "तुवें वहाणो मात म्हज्याय दारांत काडल्यो."

पान तसंच झाकून तिने मला बसपर्यंत पोचवलं.

देवळात गर्दी नव्हती. नारळ ठेवले, हात जोडले, डोळे मिटले. समोर देव येईना, ते झाकलेलं पान येई. भटजींनी दुसऱ्यांदा तीर्थ पुढे केलं तेव्हा भानावर आले.

घरी सगळ्यांना प्रसाद वाटला. सोवळं मोडलं नव्हतं, पण त्या दिवशी माझ्यात पवित्र काय होतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

तुम्ही त्या वाटेने जाणार असाल, तर मैत्रिणीचं घर आधी लागतं. तिथे पोटभर जेवा. देव संध्याकाळीही देवळातच असतो. फिलूचं विमान मंगळवारी गेलं.