याकोब फादरचे नारळ

मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडरकी करताना किस्से आपोआप साठतात. माझ्याकडे आजाऱ्यांचे कमी, संतपदाचे जास्त!

आमचे याकोब फादर वारले आणि सत्तरीच्या सिस्टर मोनिकांनी ध्यास घेतला, की रोमने त्यांना संत ठरवावं. "मी आहे तोवर निदान चौकशी तरी सुरू होऊ दे," म्हणायच्या. मला वाईट वाटायचं.

•

आमच्या रोहिणखेडकडच्या लोकांनी निकाल आठवड्यातच लावला. कबरीवर शेंदूर, झेंडा, नवसाचे नारळ. भाव भाजीवाली गंगूबाई ठरवायची: डोळे आले तर एक, बाळंतपणाला दोन. रोमला यात शंभर-शंभर वर्षं जातात म्हणे. त्यांच्याकडे गंगूबाई नसावी.

•

संत ठरवायला रोमला चमत्कार हवा, तोही औषधाविना. किसन पाटील साक्षीला आले. "माहा ताप फादरनं पळवला."

"पाटील, आठ दिवस क्विनाईन नेलंत की माझ्याकडून!"

"नेलं ना. कडू लागे म्हणून बैलाले पाजलं."

औषध न घेतल्याचा इतका पक्का साक्षीदार कुठे मिळणार? बैलाचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

•

मग बिशपसाहेबांचं पत्र आलं: चौकशीला एक फादर येत आहेत, रोमच्या हुकमाआधी कबरीची पूजा होत असेल तर प्रकरण बंद.

इकडे गावाने, साहेब खूश व्हावा म्हणून, कबरीवर नारळांची रास रचली होती! सकाळभर सिस्टरनी आणि मी रॉकेलने शेंदूर पुसला, नारळ दवाखान्यात कोंबले.

"गंगूबाई, इथे पूजा होत नाही. कळलं?" मी बजावलं.

"हाव. मंग रोज कोन करते?"

"रोजही होत नाही."

•

मलकापूर स्टेशनवरून छकड्यात बसून चौकशीचे फादर आले. उतरतानाच लंगडत होते, गुडघा सुजलेला. मराठी चांगली बोलायचे. त्यांनी गंगूबाईलाच गाठलं.

"या कबरीची पूजा करता?"

"नाही जी."

"मग येता कशाला?"

"कामं सांगाले."

सिस्टरनी डोळे मिटून घेतले. फादरनी बराच विचार केला आणि कागदावर लिहिलं: पूजा आढळली नाही.

"सही आत बसून करतो. गुडघ्याला काही लावायलाही द्या," म्हणत त्यांनी मी अडवायच्या आत दवाखान्याचं दार उघडलं. समोर छतापर्यंत नारळ.

फादर नारळांकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्यामागे दार लावून घेतलं, कागदावर सही केली आणि हळूच विचारलं,

"कंपाउंडर, गुडघ्याला किती लागतात?"