मूठभर पुदिना

आमची पोस्ट नियंत्रण रेषेवर होती. एकोणीस जवान, एक कुक आणि मी, नायब सुभेदार, पोस्ट कमांडर. खालचा नाला शत्रूच्या थेट नजरेत होता. त्यामुळे स्टँडिंग ऑर्डर स्पष्ट होती : उजेडात नाल्यावर जायचे नाही. पाणी पहाटे चारला, अंधारातच भरले जाई.

कुक होता लान्स नायक हरेश्वर. तो श्रीवर्धनजवळच्या कोळीवाड्यातला, मी अलिबागचा. माशासाठी जीव टाकणारे पोस्टवर आम्ही दोघेच.

एका पहाटे वॉटर पार्टीने पाण्याबरोबर तीन मासे आणले. सात महिन्यांत आम्ही मासा पाहिला नव्हता. दुपारी तीनला हरेश्वरने ते साफ केले, आडव्या चिरा दिल्या, हळद-मीठ चोळले, लसूण-मिरची वाटली.

"हिरवं न्हाय, साहेब. कोथिंबीर कवाच संपली. लाल तिखट लावतो."

"आमच्या घरी हिरवंच वाटण लावतात."

"मासं आमी धरायचं, नखरे अलिबागकरांनी करायचं."

"नाल्याकाठी पुदिना आहे. मूठभर आण."

तो हसायचा थांबला. "उजेड हाय, साहेब."

"पाच मिनिटांचं काम आहे."

त्याने हात धुतले, हेल्मेट घातले आणि तो गेला. वेळ १५२०.

१५२६ ला मशीनगनचा एक बर्स्ट आला. त्यानंतर कोणी डोके वर काढले की फायर येई. अंधार पडेपर्यंत आम्हाला त्याच्यापर्यंत पोहोचता आले नाही. तो किती वेळ जिवंत होता, हे मला सांगता येत नाही.

रेडिओवर कंपनी कमांडरांनी विचारले, "उजेडात हालचाल कशासाठी? ओव्हर."

"पाणी संपलं होतं, सर. ओव्हर."

दोन जेरीकॅन भरलेले होते.

रिपोर्टमध्ये तेच गेले. हरेश्वरच्या गावाने बंदराच्या धक्क्याजवळ त्याच्या नावाने पाणपोई बांधली. 'जवानांसाठी पाणी आणताना वीरमरण', असा फलक लावला. उद्घाटन माझ्या हस्ते झाले. त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी मी प्रमुख पाहुणा असे. शाल, श्रीफळ आणि दोन शब्द.

यंदा गावाने पाणपोई नव्याने बांधली. नव्या फलकाचा मजकूर माझ्याकडून लिहून घेण्यासाठी हरेश्वरची थोरली बहीण चांगुणाबाई एस.टी.ने अलिबागला आल्या. पत्नी गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो. पापलेट आणले होते. कोथिंबीर, लसूण, मिरची आणि कोकमाचे आगळ यांचे वाटण लावून अर्धा तास ठेवले, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकले. चांगुणाबाई शेजारी उभ्या होत्या.

"आच कमी करा, सुभेदार. मासा हाय तो, दुश्मन न्हाय."

मी गॅस बंद केला आणि त्यांना सांगितले. सर्व सांगितले, वेळेसह. त्यांनी माझ्या घरी घास घेण्यापूर्वी ते सांगणे आवश्यक होते.

त्यांनी तव्यावर झाकण ठेवले.

"हरेशला पुदिन्याचा वास सोसत न्हवता," त्या म्हणाल्या. "घरात आणू द्यायचा न्हाय."

हे मला ठाऊक नव्हते.

"दर साली शाल घेतलीत."

"होय."

"आता लिवा. खरं तेच लिवा. आन खाली तुमचं नाव टाका."

त्या जेवल्या नाहीत. स्टँडपर्यंत सोडतो म्हणालो, तर म्हणाल्या, "वाट ठाव हाय मला."

मी मजकूर लिहून पाठवला : 'लान्स नायक हरेश्वर, कुक. पोस्टवर पाणी पुरेसे होते. पोस्ट कमांडरने आपल्या जेवणासाठी त्याला भरदिवसा नाल्यावर पाठवले. तो हुकूम चुकीचा होता. त्याने तो पाळला.' खाली माझा हुद्दा व नाव.

या वर्षी मला निमंत्रण नव्हते. मी गेलो, गर्दीच्या मागे उभा राहिलो. शाळेच्या बाईंनी फलक मोठ्याने वाचला. हरेश्वरचे नाव आले तेव्हा मी सावधान उभा होतो. माझे नाव आले तेव्हाही.