दंडावरचा पट्टा

तळेऱ्याजवळच्या एका काजू कारखान्यात मी सुपरवायझर आहे. आमच्याकडे कामाला सगळ्या बायकाच. वाफवलेली बी फोडायची, गर भट्टीत वाळवायचा, मग सोलायचा. भट्टीच्या खोलीत उन्हाळ्यात जीव नकोसा होतो. एका मे महिन्यात तिथे एक बाई चक्कर येऊन पडली आणि तिचा हात भाजला. त्यानंतर मालकांनी पट्टे आणले. नाडी आणि अंगाची उष्णता मोजणारे. आकडा वाढला की पट्टा थरथरायचा आणि माझ्या मोबाइलवर सूचना यायची.

भट्टीवरच्या काकींनी पट्टा हातात घेऊन विचारलं, "गो बाय, मी कितींदा मुताक जातंय, ता पण ह्या मोजतला काय?"

सगळ्या हसल्या, पण पट्टा कुणीच बांधला नाही. मी मालकांकडे गेले. म्हटलं, "पट्टा थरथरला म्हणून कुणी बसली, तर तिची मजुरी कापायची नाही. आणि आकडे माझ्याच फोनवर राहतील."

ते खुर्चीतून उठले. मग बाहेर येऊन सगळ्यांसमोर त्यांनी तसं कबूल केलं.

मनगटावर काजूचं तेल लागायचं, म्हणून आम्ही पट्टे दंडावर बांधू लागलो.

एकदा जेवणाच्या सुट्टीत फणसाखाली डबे उघडले होते. माझा फोन वाजला. सूचना काकींच्या पट्ट्याची होती आणि काकी तर समोर सावलीत बसून भात कालवत होत्या.

"काकी, काय होता तुमका?"

"माका? काय नाय. जेवतंय मगे. तुझा यंत्र बिघडला आसतला."

मलाही तेच वाटलं. मी त्यांचा पट्टा माझ्या दंडावर बांधला. तो गप्प राहिला. माझा त्यांच्या दंडावर बांधला, तर थोड्याच वेळात तो थरथरायला लागला. आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले.

काकींनी डबा बाजूला सारला. "हल्ली काळीज धडधडता गो. हातपण कापतत. माका वाटला, वय झाला."

"घराकडे कोणाक सांगलास?"

"सांगान काय करू? झील मुंबैसून धावत येतलो." त्यांचा मुलगा मुंबईला नोकरीला होता.

मालकांनी स्वतः गाडी काढली. ओरोसच्या सरकारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत काकींनी माझा हात सोडला नाही. मीही घाबरले होते, पण तोंडाने काहीबाही बोलत राहिले.

रक्त तपासल्यावर थायरॉइड निघालं. "गोळ्यांनी आटोक्यात येईल," डॉक्टर म्हणाल्या. "अंगावर काढलं असतं तर हृदयावर बेतलं असतं."

काकी सावरून बसल्या. "डॉक्टरबाई, मी कामावर जाऊ शकते ना?"

"जा, पण मी सांगेपर्यंत भट्टीवर नको."

काकी खिडकीजवळ गर सोलायला बसू लागल्या. इकडे मी फोन नीट पाहिला, तर भट्टीवरच्या सगळ्याच जणींचे आकडे दुपारी चढत होते. बायकांना विचारूनच मी ते मालकांना दाखवले. त्यांनी भिंत फोडून गरम हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बसवला आणि भट्टीचं काम सकाळी लवकर घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात तिथे कुणी पडलं नाही.

त्यानंतरचा पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी काकींना परवानगी दिली. मी म्हटलं, "काकी, सोलूकच बसा ना, बरा पडतला."

"नको गो," पदर खोचत त्या म्हणाल्या, "सोलताना झोप येता माका. आणि थंय आता वारो आसा." आणि त्या भट्टीकडे चालू लागल्या.