बाप्याची ओटी

शेठनं माझी ओटी भरली. भर सकाळी, कल्याणच्या रेतीबंदरावर, सगळ्या होड्यांसमोर.

हिरव्या बांगड्या, खण, नारळ, ओंजळभर तांदूळ. बाजारात माणूस पाठवून मुद्दाम आणवलं होतं. माझा गुन्हा एवढाच, की आदल्या दिवशी मी मुकादमाला म्हणालो होतो, "कान लई ठणकतुय. उद्या डुबी मारत न्हाई. डाक्टरकडं जाऊन येतो."

डुबी म्हणजे खाडीच्या तळाला जाणं. होडीला लागून बांबू रोवलेला असतो. तो धरून, श्वास कोंडून खाली उतरायचं, बालदी रेतीनं भरायची आणि दोरीला हिसका द्यायचा. वरचा जोडीदार बालदी ओढून घेतो. पाणी उतरलेलं असेल तोवर हेच चालायचं. आम्ही घाटावरची माणसं, गावच्या विहिरीत पोहायला शिकलेली. होड्या शेठच्या. त्याला नुसतं पडसं झालं तरी डॉक्टर टांग्यातून घरी येई.

"पदर पसर बाई," शेठ म्हणाला. "लाजतेस काय?"

मुकादमानं माझ्या खांद्यावरचा पंचा ओढून पुढे ताणला आणि शेठनं त्यात नारळ टाकला. होड्यांवरचे गडी खो खो हसले. ज्यांचे कान माझ्यासारखेच ठणकत होते, तेही हसले. हसल्या नाहीत त्या फक्त रेतीच्या पाट्या वाहणाऱ्या बाया. त्यात माझी बायको होती. बांगड्या भरलेले हात म्हणजे दुबळे हात, असं या माणसाचं गणित होतं, आणि त्याची सगळी रेती किनाऱ्यावर वाहून नेत होते ते हेच हात. तेव्हा हे मला सुचलं नाही. तेव्हा फक्त मेलेलं बरं वाटलं.

मी खण-नारळ बाजूला ठेवला आणि उडी मारली. बाप्या आहे हे दाखवायला.

चार दिवसांत कान फुटला. वर आलो तर मानेवरून रक्त ओघळत होतं. आणि होडीवर काय झालं? आनंद! मुकादमानं गूळ वाटला. आमच्यात तशी रीतच होती. कानातून पहिलं रक्त आलं की म्हणायचं, "कान उघडला, गडी पक्का झाला." कारण एकदा फुटला की तळाला तो तसा ठणकत नाही. सगळ्यांनी पाठीवर थापा मारल्या. कानात लसणाचं कढत तेल ओतलं. मग पू झाला. मग डाव्या बाजूनं कुणी हाक मारली तर मला कळेनासं झालं.

बायको एवढंच म्हणाली, "कान दिला. आता काय द्यायचं ठरवलंय तुमी?"

मी तिच्यावर ओरडलो. बाप्या दुसरं काय करतो?

माझा दोरीवरचा जोडीदार दगडू. माझ्याच गावचा, चुलतभाऊ लागायचा. पुढं तोही डुबी मारायला लागला. एकदा तळाच्या चिखलात त्याचा पाय रुतला. सुटला, वर आला, हसलासुद्धा. पण त्या दिवसापासून त्याच्या घशाखाली घास उतरेना. खाडी दिसली की तोंड फिरवून बसायचा. मला एकट्याला म्हणाला, "दादा, खाली गेलो की छातीवर कुणीतरी बसतंय. कुणाला सांगू नगंस."

मी सांगितलं नाही. मुकादमाला दिसलंच. त्याच्याकडे औषध एकच, दारू. थंडी मारायला म्हणून बाटली प्रत्येक होडीवर असायचीच. दगडूला सकाळीच पाजायला लागला.

एके दिवशी दगडूनं होडीची डोलकाठी दोन्ही हातांनी कवटाळली आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. मुकादम त्याची बोटं सोडवत होता. शेठ काठावर छत्री घेऊन उभा. म्हणाला, "ढकल त्याला. पाण्यात पडला की आपोआप मर्द होईल."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी मुकादमाच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं रेटलं.

"हात लावून बघ त्याला! त्याला भ्या वाटतंय. मलाबी वाटतंय. रोज वाटतंय. आन् शेठ, माझा डावा कान मेलाय. तुझ्या होडीवर मेलाय. तू उतर आता खाली. तुझा मर्दपणा बघू दे आमाला."

शेठला अरे-तुरे!

मग शेजारच्या होडीतून, माझ्या ओटीला सगळ्यांत मोठ्यानं हसलेला गडी हळूच म्हणाला, "माझ्या कानातनं बी पू येतोय." आणखी एक जण म्हणाला, "मला झोप न्हाई लागत." चोरी कबूल करावी तशा आवाजात बोलत होते बिचारे. दुखतंय, एवढं म्हणायची किती ती लाज!

ती ओहोटी तशीच गेली. एकही बालदी भरली नाही. शेठ उन्हात बडबडत फेऱ्या मारत होता आणि त्याचं ते तोंड बघून माझं पोट भरलं. सूड गोड लागतो. खोटं कशाला बोलू?

दगडूला घेऊन मी ठाण्याच्या सरकारी इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी आधी माझा कान बघितला. "वेळेत आला असता तर वाचवता आला असता." दगडूबद्दल म्हणाले, "याला पाण्यात धाडू नका. दारू बंद. याला बोलू द्या, हसू नका. शरीरासारखं मनही आजारी पडतं."

दगडू गावी गेला. अजून विहिरीच्या काठाला जात नाही, पाणी त्याची बायको शेंदते. पण जिवंत आहे. शेठला त्याचं मढं मिळालं नाही.

मला अर्थातच हाकललं. आता शहाडला विटा वाहतो. पण सुट्टी मिळाली की बंदरावर येऊन उभा राहतो. घाटावरून नवा गडी उतरला की त्याला गाठून विचारतो, "कान दुखतो का? झोप लागते का? रडू येतं का?" आधी शिव्या देतात. मग बोलतात. बोलला की हाताला धरून गाडीत बसवतो आणि इस्पितळात नेतो. त्यातले बरेच जण परत होडीवर चढत नाहीत.

शेठ म्हणतो, मी त्याची माणसं बिघडवतो. बिघडवतोच. एकेक करून सगळी बिघडवणार आहे. समेट करायला त्यानं मुकादमाला पाठवलं होतं, त्याला मी दारातूनच परत लावला. समेट नाही. माफी नाही. एकही माणूस आपलं दुखणं गिळून त्याच्यासाठी तळाला जाणार नाही आणि त्याच्या होड्या चिखलात कोरड्या पडून तडकतील. तो दिवस मला माझ्या डोळ्यांनी बघायचा आहे.