ड्रायव्हर बाजूचं दार

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच साली हट्ट्याच्या नरसिंगची जीप ट्रॅक्टरमागे साखळीने ओढत घरी आली. हट्टा-वसमत सवाऱ्या वाहणारी ही जीप त्याचा थोरला, बुद्धभूषण, चालवायचा. बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर ती आदळली आणि बुद्धभूषण जागीच गेला.

भंगारात देऊन मोकळा हो, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. नरसिंगची उमर एसटीच्या पत्राकामात गेलेली. तो बॉडीचे बोल्ट सोडत बसला. त्याला रडू येत नव्हतं. पाना तेवढा फिरवता येत होता.

त्याच्या बायकोने, कमलबाईने, जीप उभी होती त्या पुढच्या अंगणात पाऊल टाकणं बंद केलं. पाण्याला, दळणाला, विहारात ती मागच्या दाराने जायची. जीप वाकडी आहे तोवर ही पुढे येणार नाही, एवढं नरसिंगला उमगलं होतं. बाकी जीप पुन्हा धावावी, असं त्याच्या मनात काही नव्हतं.

बॉडी उतरवून त्याने चॅसी, खालची लोखंडी चौकट, विटांवर टेकवली आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांना तिरपी सुतळी ताणली. दोन्ही तिरप्या सारख्या भरल्या की चॅसी सरळ. त्या भरत नव्हत्या. तापवून, जॅकने रेटून, हरभरा निघायच्या सुमाराला त्या बराबर भरल्या. मग गंज खरवडला, तांबडा रंग मारला, चार सोयऱ्यांच्या हातांनी बॉडी चढवली. शेजारचा किशनराव ओट्यावर बसून म्हणायचा, "नरसिंगदादा, येवढी सेवा तर आमच्या सासऱ्यानं जावयाची केली न्हाई."

राहिलं ड्रायव्हर बाजूचं दार. आत दबलेला पत्रा आतून ठोकायचा, तर बाहेरून कुणीतरी लोखंडी ठोकळा दाबून धरावा लागतो. किशनराव धरायला तयार होता. नरसिंगने त्याला नको म्हटलं, दार उचललं आणि मागे चुलीपाशी नेऊन उभं केलं.

"एवढं धरतीस का?"

कमलबाईने दाराकडे पाहिलं. "त्याच्याच बाजूचं हाये का?"

"व्हय."

तिने हात पदराला पुसले आणि ठोकळा धरला. नरसिंगने हलकेच हातोडी टेकवली.

"काहून भेऊन राहिले? मारा."

त्याने मारली. पत्रा थोडाथोडा बाहेर येत गेला. मधेच ती तळवा फिरवून अजून कुठे दबलंय ते सांगायची. ऊन उतरलं तेव्हा तिने बोटं झटकली.

"हाताला काही कळंना झालंय."

"मला तर कवापासूनच काही कळंना," नरसिंग म्हणाला.

त्याने दार नेऊन बिजागरीत बसवलं. वरच्या अंगाला बारीक फट राहिली, पण दार लागलं. मागून घागर घेऊन कमलबाई आली. जीपला वळसा घालून पुढच्या फाटकाने ती पाण्याला गेली.