कपासाच्या नावाने उघडणारं दार

चिशिंबा कपासा, हे पत्र तुला आहे. आधीच बजावते, यात थट्टा शोधू नकोस. मी न्गोनी जमातीची, तू बेंबा जमातीचा. आपले खापरपणजे एकमेकांवर भाले घेऊन धावले, म्हणून आपण एकमेकांना माकडखाऊ आणि उंदीरखाऊ म्हणायचं आणि रागवायचं नाही, हे आपल्याला पाळण्यातच शिकवलेलं. अकरा वर्षं आपण तेच केलं. आता एक गोष्ट सरळ सांगायची तर माझी जीभ वळत नाही. तेव्हा तुझ्याबद्दल परक्या माणसाबद्दल लिहावं तसं लिहिते. माझ्याबद्दलही तसंच. सोकोबाई म्हणजे मीच.

कपासा किट्वेजवळच्या एका तांब्याच्या खाणीत कॉम्प्युटर सांभाळायचा. उंच, खांद्यात वाकलेला, एरवी मितभाषी. खाणीने स्वतःचं क्लाउड उभारायचं ठरवलं तेव्हा खाणकामगारांचे दिवे ठेवायच्या जुन्या खोलीत कपाटाएवढे सर्व्हर आले आणि त्यांची किल्ली याच्या गळ्यात पडली. हवेच्या पंख्यांच्या नोंदींपासून ते पाळीला जमिनीखाली कोण कोण उतरलंय त्या यादीपर्यंत सगळं त्यात जायचं होतं. प्रत्येकाने एकाच नावाने, एकाच पासवर्डने आत शिरायचं.

पण क्लाउड कुणालाच ओळखत नाही. माणसं ओळखते ती कंपनीची डिरेक्टरी, सगळ्यांची नामावली, आणि ती होती सोकोबाईंच्या रेकॉर्ड खात्याकडे. कुणी दारात आलं की क्लाउडने नामावलीला विचारायचं, हा आपला का? नामावली मात्र अनोळख्याला उत्तर देत नाही. विचारणाऱ्याचंही तिच्यात नाव लागतं. म्हणजे एक असं नाव हवं होतं, ज्यामागे माणूसच नाही.

कपासा फॉर्म घेऊन रेकॉर्डला गेला.

"सोकोबाई, एक नवीन नाव घालायचंय."

"कुणाचं?"

"क्लाउडचं."

"ओळखपत्राचा नंबर? जन्मतारीख?"

"नाही हो, ते यंत्र आहे."

"जवळचा नातेवाईक तरी लिही. रिकामा रकाना मी घेत नाही."

"मीच समजा."

"म्हणजे बेंबाच निघाला की!" सोकोबाई खोलीला ऐकू जाईल अशा बोलल्या. "क्लाउड म्हणजे ढग, तेव्हा पावसाच्या कुळातला असणार. तरीच एवढा लोळतो. मजुरी मिळेल, त्याला म्हणावं, आधी माझं अंगण झाडून जा."

"आधी दातांत अडकलेली उंदराची शेपूट काढा, मग मजूर शोधा," कपासा म्हणाला. सगळे हसले. फॉर्म किटलीखाली गेला.

सोमवारी उद्घाटन होतं. साहेब घायकुतीला आलेले. कपासाने त्या जागी स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड घालून टाकला. आठवडाभरासाठी. क्लाउड आणि नामावली बोलू लागली, फीत कापली, समोसे संपले. पुढच्या आठवड्यात त्याने विषय काढला तर साहेब म्हणाले, "चालतंय ना? मग हात लावू नकोस."

याचा अर्थ काय झाला ते त्याला तिसऱ्या महिन्यात कळलं. खाणीत सगळ्यांचे पासवर्ड नव्वद दिवसांनी मरतात. तो रजेवर कासामाला गेला होता, बसने दिवसभराची वाट. बायको प्रिस्का तिथल्या इस्पितळात नर्स, दोन्ही मुली तिच्याजवळ. जेवताना फोन आला. कुणालाच आत शिरता येत नव्हतं. खाली एकशे चाळीस माणसं होती आणि कोण कोण, ते कुणी सांगू शकत नव्हतं. नशीब, खाली काही घडलं नाही. लिफ्टच्या पिंजऱ्यातून माणूस वर आला की कागदावर त्याचं नाव लिहायचं, असं चार तास चाललं. तोवर कपासाचा घास पानातच थिजला.

त्यानंतर तो दिवस मोजू लागला. नव्वदावा दिवस कधी येतो, तेव्हा आपण सर्व्हरपाशी असू ना. प्रिस्काने फोनवर विचारलं, "किती दिवस राहिले?" तो म्हणाला, "एकसष्ट." ती खुश झाली. तिला वाटलं, यायचे दिवस सांगतोय.

मग कासामाच्या तंत्रनिकेतनात शिकवायची जागा निघाली आणि त्याला ती मिळाली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचं. पाच वर्षांनी एका घरात, एका ताटातून जेवायचं. राजीनामा लिहून झाला. पण रेकॉर्डचा नियम सोकोबाईंनीच केलेला: माणूस गेला की त्याच दिवशी पाच वाजता नामावलीतून नाव काढायचं, अपवाद नाही. त्याचं नाव गेलं की सगळ्यांचंच दार बंद. आणि खाली माणसं असणार.

तो टाय लावून रेकॉर्डला आला. हसला नाही.

"सोकोबाई, तो फॉर्म हवाय. मी अडकलोय. माझी सुटका तुमच्याच हातात आहे."

"ऐका रे! बेंबा कबूल झाला! आमचे आजे सांगायचेच, हे सगळे आमचे कैदी म्हणून."

"बाई, खरंच सांगतोय."

"कैदी खरंच सांगतात, तेव्हाच पळायच्या बेतात असतात. जा, सुटकेचं मोल, तुम्ही बेंबा खाता त्या भाजलेल्या अळ्यांचं एक पोतं!"

अख्खी खोली टेबलं बडवत होती. कपासा उभा राहिला. न हसावं तर पिढ्यांचा रिवाज मोडतो, हसावं तर बोलणं वाया जातं. तो हसला.

मला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. अर्धं कळलं होतं. त्याचे हात टेबलाची कड धरून होते, ते पाहिलं होतं. पण खोली माझ्यावर खुश होती.

दुसऱ्या दिवशी अळ्यांची एक पिशवी माझ्या टेबलावर आली. मी त्या खाल्ल्या.

जानेवारीत ती जागा दुसऱ्याला गेली. राजीनामा कपासाने खिशात ठेवला. आता तो दिव्यांच्या खोलीत बसतो. नामावलीच्या नोंदींत दिवसाकाठी हजारो वेळा त्याचंच नाव उमटतं, कारण कुणीही आत शिरलं तरी विचारणारा कपासाच. ऑडिटवाल्याने त्याला विचारलं, "तुम्ही सगळ्यांची चौकशी का करत असता?" प्रिस्का आता दिवस विचारत नाही.

मी निवृत्त झाले त्या दिवशी, चिशिंबा, माझं खोकं तूच टॅक्सीपर्यंत आणलंस. टॅक्सीचं दार लावताना म्हणालास, "बाई, तो फॉर्म?" कपाट आवरताना तो मला सापडला होता, त्या क्षणी माझ्याच पिशवीत होता. मी म्हटलं, "उद्या येते, दुसऱ्या मजल्यावर शिक्का मारून तुझ्या हातात देते." तू हसला नाहीस, आणि पहिल्यांदाच मीही हसले नाही.

सकाळी फाटकावर माझं कार्ड चाललं नाही. पाच वाजताच माझं नाव काढलेलं. माझाच नियम. पहारेकरी म्हणाला, "बाई, साहेबांना फोन लावू का?" मी म्हटलं, राहू दे, आणि घरी आले.

फॉर्म शिवणाच्या डब्यात आहे. सही निवृत्तीच्याच दिवशी केलीय. शिक्का मारायला वर जायचं राहिलंय.