आधी साहेबांनी चढावं

गेल्या सोमवारी आमच्या महादेवाच्या देवळावर कळस चढायचा होता. चढला नाही. मी चढू दिला नाही... त्यावरून भावकीतले काही जण मला बघून अजून मान फिरवतात. फिरवू द्या.

गाव आमचं उदगीरजवळ. यंदा पाऊस नाही, टँकरचा आवाज आला की सगळ्या बायका घागरी घेऊन पळतात. तरी हे काम थांबवलं नाही, कारण कळस गावच्या लेकींचा. लग्न होऊन गेलेल्या लेकींनी वर्गणी घालून केलेला... आणि आमच्याकडची रीत अशी की लेकींचा कळस गावच्या जावयानं वर न्यायचा.

यंदा तो मान माझ्या जावयाला, लोहा गावच्या. आनंदानं मी दोन दिवस आधीच पुरणाची डाळ निवडून ठेवली. जावई माझे गुणाचे आहेत, फक्त कुणाला नाही म्हणता येत नाही. पोट भरलं तरी वाढलेलं खातात आणि मग ओवा मागतात... असो.

शिखराभोवती बांबूची परांची बांधली होती. सकाळी मी फुलं घेऊन गेले, तर शेजारची शेळी एका बांबूला अंग घासत होती. आणि बांबू हलत होता... शेळीनं.

वाकून बघितलं. उन्हानं काळ्या मातीला हात जाईल एवढी भेग पडलेली, भेगेच्या काठावर विटेचा तुकडा, आणि त्या तुकड्यावर बांबू उभा. ह्यावर माझा जावई चढणार, मागं पंच, हलगीवाला, फोटोवाला...

परांचीचं काम घेतलेल्या गुत्तेदाराला गाठलं. तो हसला. "मावशी, सेफ्टीवाल्या साहेबांनी पास केलंय की. तपासून सही बी झाली."

तपासलं कधी, तर म्हणे काल. अरे, काल मी देवळासमोरच्या ओट्यावरच मिरच्या खुडत बसले होते. साहेब गाडीतून उतरले, लिंबाखाली खुर्चीवर बसले, थंडा प्यायले, मोबाइलमध्ये दोन फोटो काढले आणि गेले. परांचीला बोट लावलं नाही.

हे साहेब गुत्तेदाराच्या मेहुण्याच्या ओळखीचे. शिकलेत काय, तर एक जण म्हणे कॉम्प्युटर, दुसरा म्हणे मोटारीचं काहीतरी. परांचीचं कुणीच म्हणेना. आमच्याकडं नवा जिल्हा होणार अशी हवा आहे ना, तेव्हापासून ज्याच्या खिशाला पेन तो साहेब झालाय.

मी दुसरीतून शाळा सोडलेली बाई. पण भाजीत मीठ आहे का, हे चाखल्याशिवाय कळत नाही, एवढं मला कळतं. अंगणात बसून सांगता येत नाही.

पंचांना सांगितलं, ते म्हणाले, "हाव काकू, बघू." लेक हात धरून म्हणाली, "आई, माझ्या सासरच्या लोकांसमोर तमाशा करू नको. ह्यांना मान मिळालाय." आणि जावई खाली बघत म्हणाले, "मामी, पास झालंय म्हणतेत की..."

माझं डोकं फिरलं. एवढा राग मला सासू गेल्यापासून आला नव्हता.

मग सत्कार सुरू झाले. साहेब पहिल्या रांगेत. त्यांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. मी उठले आणि म्हणलं, "पंचमंडळी, जावई माझा आहे, तर पहिला मान मी सोडते. परांची साहेबांनी पास केली, म्हणून पहिला पाय साहेबांचा. कळस घेऊन त्यांनीच वर जावं."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या... त्यांना वाटलं, म्हातारीचं मन किती मोठं. हलगी सुरू झाली. कुणीतरी कळस साहेबांच्या हातात दिला.

साहेब म्हणाले, "आजी, हा मान घरच्यांचा."

"फेटा बांधला, आता तुम्ही घरचेच."

मग त्यांचा गुडघा दुखायला लागला. मग बीपी निघालं. लोक प्रेमानं ढकलत त्यांना परांचीपाशी घेऊन गेले. आधाराला त्यांनी बांबू धरला, तर तो हातात डुलला. कळस तसाच बाजूच्या माणसाकडं देऊन ते गुत्तेदाराला म्हणाले, "अरे, तिरपे बांबू कुठायत ह्याला? मी न्हाई चढणार बाबा."

हलगी थांबली. सगळ्यांनी ऐकलं.

तिथं मी अहो-जाहो सोडलं. "तू चढणार न्हाईस, अन् माझ्या जावयाला चढवत होतास व्हय रे?" अजून बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. लेकीच्या सासरच्यांनी सगळं ऐकलं. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

मग पंचांनी लातूरहून ह्या कामातला माणूस आणला. त्यानं बांबूंच्या पायाखाली जाड फळ्या टाकायला लावल्या, तिरपे बांबू बांधून घेतले, गाठ न् गाठ हातानं बघत आधी स्वतः वर जाऊन आला. खाली येऊन म्हणाला, एका वेळी दोघंच चढा, फोटो खालून काढा. तो शाल न घेताच गेला, त्याला दुसरीकडं जायचं होतं.

शुक्रवारी जावयानं कळस वर नेला. मी डोळे मिटले नाहीत, उतरेपर्यंत बघत होते.

राग काही गेला नाही माझा. तो पहिला साहेब कुठल्यातरी गावात आजही लिंबाखाली बसून सही करत असेल, आणि तिथं कुणाचा तरी लेक, कुणाचा तरी जावई वर चढत असेल... त्या घरच्यांनो, एवढं विचारा, तुम्ही स्वतः चढलात का. विचारायला शिक्षण लागत नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, लोह्याला पोचलो. हे जेवायला बसलेत."

महादेवा, मला एवढंच ऐकायचं होतं.